तात्यांचं शेवटचं क्रियापद

वैदेही,

तुझ्यावर मी अजून चिडलेलीच आहे, हे आधी सांगून टाकते. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. ज्यांचं भांडण अर्धवट राहिलेलं नाही, त्यांना ते जमत असेल. तू मंगळवारी सकाळी माझ्या कपाळावर स्टेपलर फेकून मारलास आणि संध्याकाळी मरून गेलीस. भुवईवरचे तीन टाके काढताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कसं झालं? मी म्हटलं, ग्रीक व्याकरणावरून. त्या हसल्या. त्यांना वाटलं माझं जर्मन कच्चं आहे.

गेल्या सोमवारी तुझ्या प्रोफेसरांची मेल आली. तुझ्या प्रबंधातलं तात्यांच्या अकरा वाक्यांचं प्रकरण ते छोट्या पुस्तिकेसारखं छापणार आहेत, तुझ्या आठवणीसाठी. फाइल मीच त्यांना पाठवली होती. त्यांचा प्रश्न एकच होता. अकराव्या वाक्यातल्या क्रियापदाचा शेवट फाइलमध्ये कोराच आहे. वैदेहीने अखेर कोणता ठरवला होता? शुक्रवारपर्यंत कळवावं. तो शेवट कोरा का आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. तुला तर होतंच.

तात्यांची आणि माझी ओळख तू पहिल्याच दिवशी करून दिलीस. मी पुण्याहून हॅम्बर्गला नोकरीसाठी आलेली, हातात दोन बॅगा, आणि तू बार्मबेकच्या त्या दोन खोल्यांच्या घराच्या दारात उभी. म्हणालीस, "घरात अजून एक पुरुष राहतो. चालेल ना?" मी बॅगा परत उचलल्या. तेव्हा म्हणालीस, "अगं, मेलाय तो. दोन हजार वर्षं झाली." वाईची मुलगी जर्मनीत येऊन ग्रीक शिकते आणि ज्याचं एकही पुस्तक उरलेलं नाही अशा इतिहासकारावर पीएचडी करते, हे मला पचायलाच आठवडा लागला. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून तू त्याला तात्या केलंस.

तात्यांनी सात पुस्तकं लिहिली आणि सातही बुडाली. उरली अकरा वाक्यं, तीही दुसऱ्यांच्या पुस्तकांत. कुणी शब्दकोशात उदाहरण म्हणून घेतलेली, कुणी तात्यांना शिव्या घालण्यासाठी. अकरापैकी नऊ वाक्यांत कोणीतरी मरतं. दूतांना पोत्यात शिवून समुद्रात टाकतात. एका राजाचा भाऊ जेवताना मान गमावतो. एका देवळात आसऱ्याला गेलेल्यांना दारं लावून धुराने मारतात. राहिलेल्या दोन वाक्यांपैकी एकात मासे आहेत आणि एकात वारा. बंदरातल्या फेरीबोटीवर बसून तू मला ती सगळी मराठीत म्हणून दाखवलीस, एका हातात भेळेचा डबा, समोर थंडीने काकडलेले जर्मन. "पोत्यात शिवून" असं मोठ्याने म्हणालीस आणि वर "वाढू का अजून?" विचारलंस. त्या दिवशी मला तू कायमची आवडलीस, हे तोंडावर कधी सांगितलं नाही. आता सांगते.

आपलं भांडण अकराव्या वाक्याचं. एका शहराचा तट पडतो, आणि मग सकाळी नदीकाठी 'त्यांनी कापलं'. एवढंच. तोच धातू केस कापण्यालाही चालतो आणि मुलूख कापून उजाड करण्यालाही. कुणी कापलं हे क्रियापदाच्या शेवटावरून कळणार, आणि नेमका तो शेवट एकुलत्या एका हस्तलिखितात किड्याने खाल्लेला. मला कळेना तेव्हा तू पोळपाटावरच्या पिठात बोटाने लिहून दाखवलंस. "शाळेत संस्कृत होतं ना? वप्, भादरणं. वपति, परस्मैपद. दुसऱ्याचं. न्हावी भादरतो. वपते, आत्मनेपद. आपलं आपण. ज्याचं माणूस गेलंय तो केस उतरवतो. ग्रीकमध्ये गेनाऊ, अगदी हेच!" म्हणजे पहिला शेवट लावला तर जिंकलेल्यांनी सगळं कापून काढलं. दुसरा लावला तर हरलेले नदीवर जमले, त्यांनी आपले केस कापले आणि मेलेल्यांचा शोक केला.

तू दुसऱ्या बाजूची, मी पहिल्या. माझा ग्रीकशी संबंध शून्य, पण माझ्याकडे माझी पणजी होती. चौदाव्या वर्षी विधवा झाली तेव्हा चौघांनी तिला धरलं आणि न्हाव्याने तिचं डोकं भादरलं. तिने त्याच्या बोटाचा असा चावा घेतला की रक्त तिच्या पदरावर सांडलं. ही गोष्ट आमच्या घरात हळू आवाजात सांगतात. मी तुला ती ओरडून सांगितली. "माझ्या पणजीने केस कापले नाहीत. तिचे कापले. हरलेली माणसं काही करत नसतात गं, त्यांचं केलं जातं. तुझा तात्या हरलेल्या गावचा होता ना? मग तो खरं तेच लिहील. कापलं आम्हाला!"

तू म्हणालीस, "आणि त्यांच्या हातात काहीच उरलं नाही? सगळं घेतलंस तू त्यांचं. एक क्रियापद तरी त्यांचं स्वतःचं असू दे की, मृणाल."

मी म्हटलं, "बेलेग?"

तुझंच शस्त्र. बेलेग म्हणजे पुरावा, आधार, कुठे लिहिलंय ते दाखव. मी ऑफिसमधली साधी चहाडी आणली तरी तू कढईतून मान वर न करता विचारायचीस, "बेलेग?" त्या दिवशी तुझ्याकडे तो नव्हता. तू उलथनं आपटलंस आणि आपण दोन दिवस वेगवेगळ्या वेळी जेवलो.

दोन वर्षांपूर्वी काका, तुझे बाबा, गेले तेव्हा तुझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी आउसलेंडरबेहोर्डेत अडकला होता. परदेशी लोकांच्या त्या कचेरीत तू तीन सकाळी जाऊन उभी राहिलीस. तिसऱ्या दिवशी मी बरोबर आले आणि काउंटरवर अशी मूठ आपटली की रखवालदार आला. उपयोग झाला नाही. काकांना तुझ्याशिवाय नेलं. तू रडली नाहीस. मी मेतकूट-भात केला, तू तो खाल्लास, आणि अकरावं वाक्य उघडून बसलीस. नदी, सकाळ, केस. तू आत्मनेपदासाठी एवढी का भांडतेस, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. तरी मी भांडत राहिले, कारण हरायची सवय मला नाही.

आता त्या मंगळवारचं. माझ्याकडून जे झालं ते तुझ्यासमोर कबूल करायचं राहिलंय. पाच वर्षं तू जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंस. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुझं ग्रीक उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. मी म्हटलं, दे इकडे, प्रोग्राम लिहिते, सगळं नव्या फॉन्टमध्ये आणून देते. तुमची रीत अशी, की मूळ प्रत जिथे फाटली किंवा किड्याने खाल्ली तिथे काय असावं तो अंदाज चौकोनी कंसात लिहायचा. माझ्या प्रोग्रामला वाटलं, चौकोनी कंस म्हणजे जुन्या फॉन्टची काहीतरी खूण. कंस ठेवले आणि आतलं सगळं उडवलं. आणि मी ती फाइल मूळ फाइलवरच सेव्ह केली. कॉम्प्युटरवाली म्हणवते स्वतःला! तुझ्याकडे सहा महिन्यांपूर्वीची एक सीडी निघाली. त्यानंतरचे अंदाज गेले.

सकाळी तू कागद छापलेस आणि प्रत्येक पानावर रिकामे कंस पाहिलेस. मी तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी काय म्हणाले? "अंदाजच होते ना? उडाले तर काय बिघडलं? तात्यांचं जेवढं खरं, तेवढंच उरलं." वैदेही, मी आयुष्यात बरंच वाईट बोलले आहे, पण इतकं नेमकं कधी लागलं नसेल. स्टेपलर आला. माझ्या डोळ्यात रक्त उतरलं. मी तुझे खांदे धरून तुला कपाटावर ढकललं, वरचा कुकर खाली आला, तू माझ्या मनगटाला नखं मारलीस. दोन तिशीतल्या शिकलेल्या बायका. खालच्या आजींनी छताला झाडू ठोकला.

मग तू कागद बॅगेत कोंबलेस, सायकलची किल्ली घेतलीस आणि दारात म्हणालीस, "जाते मी."

पाच वर्षांत तू कधी 'जाते' म्हणाली नव्हतीस. दुधाची बाटली आणायला निघालीस तरी 'येते'. घरून शिकलेलं, निघताना जाते म्हणू नये. त्या दिवशी मुद्दाम म्हणालीस आणि मी ऐकलं. मी म्हटलं, "जा." नंतर वाटलं, निदान ते जर्मनमधलं जा असतं, नुसतं 'हो', तर बरं झालं असतं. नव्हतं. मराठीतलंच होतं.

साडेचारला अंधारलं होतं, पाऊस होता. ट्रक उजवीकडे वळला, तू सरळ जात होतीस, सिग्नल तुला हिरवा होता. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तुझ्या मेंदूवर शस्त्रक्रिया चालू होती. दोन तासांनी एक नर्स आली, तिने माझ्या हातात कागदी पिशवी ठेवली आणि म्हणाली, हे ठेवायचं असेल तर. आत तुझी वेणी होती. शेंड्याला तुझं हिरवं रबर तसंच. डोकं उघडायचं म्हणून भादरलं होतं. त्याच क्षणी माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'वपति'. परस्मैपद. माझंच म्हणणं खरं झालं होतं आणि मला त्या नर्सचा गळा धरावासा वाटत होता. बिचारीने काही केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी त्या चौकात गेले. खांबाशी कुणी मेणबत्त्या ठेवल्या होत्या. एक साठीचा माणूस पिवळी शेवंती घेऊन उभा होता. माझ्याकडे पाहून त्याने ओळखलं असावं, आपल्यासारखे तिथे दुसरे कोण. म्हणाला, "मी पाहिलंच नाही तिला. टोटर विंकेल." ड्रायव्हरला आरशात जी जागा दिसत नाही तिला हे लोक असं म्हणतात. मेलेला कोपरा. तो तेच तेच म्हणत राहिला, टोटर विंकेल, टोटर विंकेल, आणि मी त्याला छत्रीने मारायला लागले. खांद्यावर, हातावर, कानावर. छत्रीची काडी मोडली तरी मारत होते. त्याने हात वर केला नाही. फुलं तेवढी छातीशी धरून उभा राहिला. लोकांनी मला ओढलं, पोलीस आले. त्याने तक्रार करायला नकार दिला. मला अजून त्याची दया येत नाही. पण मोडलेली छत्री मी टाकलेली नाही. का, ते माहीत नाही.

काकू आल्या, तुझ्या दादाबरोबर. तुला इथेच अग्नी दिला, वाईला न्यायला कागदपत्रांचा महिना गेला असता. त्या आपल्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पाहुण्यासारख्या. मी पिशवी पुढे केली. त्यांनी वेणी मांडीवर घेतली, उलगडली, परत घातली. मग विचारलं, "हे कुणी कापलं गं?"

"काकू, ऑपरेशनसाठी. डॉक्टरांनी."

"तिला विचारलं होतं का?"

"ती शुद्धीत नव्हती काकू."

"मग झालं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "लहानपणी तेल लावताना फार ओरडायची. मी धरून बसवायची. फटकेही दिलेत." वेणी त्यांनी साडीच्या घडीत ठेवली, कृष्णेत सोडायला. जाताना तुझी कापडी बॅग माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "ही पोलिसांनी दिली. ह्यातलं मला काय कळणार? तू बघ बाई." दारात त्यांनी माझ्या भुवईवरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि काही विचारलं नाही. त्यांना माहीत असावं. तुझ्या हाताचं वळण त्यांना माहीत होतं.

बॅग मी उघडली नाही. पलंगाखाली सरकवली. प्रोफेसरांची मेल आली नसती तर ती तिथेच राहिली असती.

खरं सांगू? आधी बॅग न उघडताच उत्तर लिहायला बसले होते. सीडीवर तुझं आत्मनेपद होतं, पण प्रोफेसरांनी मेलमध्ये लिहिलं होतं की उन्हाळ्यापासून तू डळमळीत होतीस. म्हणजे बेलेग नाही. म्हणजे मी म्हणेन ते. आणि माझ्यात एवढा संताप भरला होता की मला छापून हवं होतं: कापलं. त्यांनी कापलं, सरसकट, सकाळी, नदीकाठी, आणि कुणी शोकबिक केला नाही. तुझ्या नावाखाली माझं वाक्य. बोटं कीबोर्डवर होती. मग कुठूनतरी तुझा आवाज आला, कढईवरून, मान वर न करता. मी पलंगाखालून बॅग ओढली.

कागद भिजून वाळले होते. कोपऱ्यावर टायरची नक्षी होती. तू त्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये बसून रिकामे कंस एकेक करून पेन्सिलने भरत गेली होतीस. माझी घाण निस्तरत होतीस. पान उलटत गेले. अकरावं वाक्य आलं. कंसात तू तुझा आत्मनेपदी शेवट लिहिला होतास. मग त्यावर एक सरळ रेघ. वर दुसरा शेवट. आणि समासात मराठीत, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात: 'मृ. म्हणते ते बरोबर. कापलंच त्यांनी. घरी जाऊन सांगते.'

घरी जाऊन सांगते.

मी जिंकले होते, वैदेही. पाच वर्षांनी. मी तो कागद घेऊन फरशीवर बसले आणि जनावरासारखी ओरडले. खालच्या आजींनी झाडू ठोकला नाही. त्या वर आल्या, दार उघडंच होतं, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या आणि गॅसवर काही करपतंय का ते पाहायला फक्त एकदा उठल्या. करपणार काय, मी दोन दिवस काही शिजवलं नव्हतं.

त्या गेल्यावर मी न्हाणीघरात गेले. कोथिंबीर कापायची कात्री घेतली. कुणी मला धरलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. बायकांनी असं करायची आपल्यात रीतही नाही, आणि मी तुझी कुणी रक्ताचीही नाही. मूठभर केस धरायचे आणि कापायचे. कात्री बोथट, ओढ बसायची, डोळ्यांत पाणी यायचं. एके ठिकाणी कातडीही कापली गेली. पणजीची आठवण आली. तिला हे करू दिलं असतं, तिचं तिला, तर तिने केलं असतं का? नसतं केलं. पण तिने नाही म्हटलं असतं, आणि तेही तिचं तिने म्हटलेलं असतं. तू म्हणायचीस ते एक क्रियापद म्हणजे हे होतं, हो ना? मला ते वादात कधीच पटलं नसतं. बेसिनमध्ये केस साचले, पाणी तुंबलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी कुणाला मारावं असं न वाटता रडले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोकरीची टोपी घालून गेले. बाजूच्या बाईने टोपीखालून डोकावणारे खुंट पाहिले आणि म्हणाली, "आल्झो, म्हणजे नवीन हेअरस्टाइल?" मी म्हटलं, "जा." ह्या वेळी जर्मन.

काल शुक्रवार. मी तुझ्या प्रोफेसरांकडे गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवले, टायरच्या नक्षीसकट. तुझी रेघ, वरचा शेवट, आणि समासातल्या मराठी ओळीचा अर्थ सांगितला. कंस माझ्यामुळे उडाले हेही सांगितलं. त्यांनी तुझ्या रेघेवर बोट ठेवलं. म्हणाले, "म्हणजे हिने शेवटी 'कापलं' असं ठरवलं." मी म्हटलं, हो. तसंच छापा. तिचं आहे, मी हात लावणार नाही. पण खाली एक तळटीप हवी, फॉन्ट बदलणारीच्या नावाने.

आणि माझी ओळ त्यांच्यापुढे सरकवली: 'दुसरा पाठ शक्य: त्यांनी आपले केस कापले.'

म्हातारा चांगला आहे तुझा. चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली, आणि अगदी हळू, जणू माझीच माफी मागत असल्यासारखं, त्यांनी विचारलं, "ह्याला काही बेलेग आहे तुमच्याकडे?"

मी टोपी काढली.